सेट, सेट, सेट

स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्या आहेत. डबा, छडी आणि गॅदरिंग यांवर माझ्याहून रंगवून लिहिणारे या अंकात आहेतच. भाषांतराच्या कामात मला रोज लागते ती इंग्रजीच्या तासाची शिदोरी, म्हणून त्या तासाला फळ्यावर हमखास येणाऱ्या एका शब्दाबद्दल लिहितो.

क्रियापदाची तीन रूपं: सेट, सेट, सेट. कट, पुट, हिट यांच्याच रांगेतलं. 'सेटेड' असं रूप नाही. रूप बदलत नसल्यामुळे काळ ओळखायचा तो आजूबाजूच्या शब्दांवरून. कर्ता 'ही' किंवा 'शी' असून शेवटी एस नसेल, तर तो भूतकाळ. कर्ता 'दे' असेल तर मागचंपुढचं वाक्य वाचल्याशिवाय भाषांतराला हात घालू नये.

1989 च्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत या एका क्रियापदाला चारशेहून जास्त अर्थ दिले होते. पुढच्या आवृत्तीच्या कामात 'रन'ने 645 अर्थांसह त्याला मागे टाकलं. एवढे अर्थ पाठ करणं हा वेडेपणा आहे, आणि मराठी माणसाला त्याची गरजही नाही. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' हे त्याचं प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. दोन्हींचं नातं संस्कृतातल्या 'सद्' धातूशी आहे. सदन आणि परिषद हे शब्द त्याच धातूचे.

एकदा 'बसवणे' हाताशी आलं की अर्ध्या अर्थांची कुलपं उघडतात. सोनार अंगठीत खडा बसवतो, डॉक्टर निखळलेलं हाड बसवतात, कवितेला चाल बसवतात: इंग्रजीत तिन्ही ठिकाणी सेट. क्रिकेटमधला सेट बॅट्समन म्हणजे जम बसलेला फलंदाज. इथे मराठी आणि इंग्रजी इतक्या जवळ येतात की शब्दकोश उघडायचं कारणच उरत नाही.

उरलेल्या अर्ध्यांपैकी बरेच 'लावणे'कडे जातात. गजर लावणे, सापळा लावणे, आग लावणे. मुलं चुकतात ती इथेच, कारण मराठीतला 'लावणे' हासुद्धा कमी पसरलेला शब्द नाही. आपण दिवा लावतो, कडी लावतो, झाड लावतो. म्हणून त्यांतल्या कशालाही सेट चालेल असं नाही. जेवणाचं टेबल सेट करायचं तर आपण पानं मांडतो, आणि प्रश्नपत्रिका सेट करणारा पेपर 'काढतो'.

तिसरा गट आपोआप बसणाऱ्या गोष्टींचा. सूर्य मावळतो, दही लागतं, सिमेंट धरतं. सिमेंटचं उदाहरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण तिथे सेट होणं आणि कडक होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आपल्याकडचं मानक असं: सुरुवातीचं सेटिंग 30 मिनिटांच्या आत होता कामा नये, आणि शेवटचं 600 मिनिटांत पूर्ण व्हायला हवं. सेट होणं म्हणजे लगद्याचा ओलसर लवचिकपणा जाणं. ताकद त्यानंतर भरत जाते आणि ती साधारण 28 दिवसांनी मोजतात. दळताना जिप्सम घातलं नाही तर सिमेंट पाणी पडताच आखडतं. धरलेला माल पुन्हा पाणी टाकून कालवला तर तो मऊ दिसतो खरा, पण त्याची ताकद गेलेली असते. तांत्रिक पुस्तिकेत सेटिंगचं भाषांतर 'कडक होणे' असं केलं की वाचणारा गवंडी फसलाच.

सुताराचा सेट तर शब्दकोशातून कळणारच नाही. करवतीचे दात आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, त्या वाकवण्याला सेट म्हणतात. त्यामुळे चीर पात्याच्या जाडीपेक्षा थोडी रुंद पडते. हा सेट गेला की दातांना कितीही धार असली तरी पातं लाकडात अडकतं. एकाच बाजूचे दात जास्त वाकले तर काप रेघ सोडून त्या बाजूला सरकतो.

नाम म्हणून येणारा सेट, म्हणजे चहाचा, दागिन्यांचा किंवा गणितातला संच, मुळात वेगळ्या घरातला. तो जुन्या फ्रेंचमधून आला, लॅटिन 'सेक्टा'पासून. पंथ या अर्थाचा 'सेक्ट' हा त्याचा सख्खा भाऊ. पुढे उच्चार जुळला आणि दोन्ही घरं एकमेकांत मिसळली. व्हॉलीबॉलच्या मैदानावर ती शेजारीशेजारी दिसतात: 25 गुणांचा सेट (पाचवा असल्यास 15 चा, आणि कुठलाही जिंकायला दोन गुणांची आघाडी हवीच), आणि त्याच सेटमध्ये सेटरने स्मॅशसाठी उचलून दिलेला चेंडूही सेट. 'सेटिंग लावलंय' मधला वशिल्याचा अर्थ मात्र आपला घरचा.

जोडशब्दांपैकी सेट अप आणि सेट आउट फारसे छळत नाहीत. उभारणे आणि निघणे एवढ्यावर काम भागतं. छळतात ते कोर्टातले. वरच्या कोर्टाने खालच्या कोर्टाचा आदेश 'सेट असाइड' केला, याचं 'आदेश बाजूला ठेवला' हे भाषांतर अजूनही छापून येतं. आदेश रद्दबातल ठरलेला असतो. 'सेट ऑफ'चंही तसंच: फटाक्याच्या बाबतीत तो उडवणे, प्रवासात निघणे, हिशेबात येणं-देणं एकमेकांत वळतं करणे, आणि फौजदारी निकालात, आरोपीने खटला चालू असताना कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा करणे.