आमच्या घरचे पिठले, मापासह

भाजीची टोपली रिकामी असली किंवा रात्री अवेळी पाहुणे आले, की आमच्या घरी पिठले होते, आणि महाराष्ट्रातील बहुतेक घरांत याहून वेगळे काही होत असेल असे मला वाटत नाही. डाळीचे पीठ, तेल, कांदा, लसूण, मिरची आणि मीठ एवढ्या सामानात चार माणसांचे जेवण अर्ध्या तासात तयार होते. मात्र पदार्थ साधा आहे म्हणून तो कसाही केला तरी चालतो, हा समज मला मान्य नाही. मुले पिठल्याला नाक मुरडतात तेव्हा बहुधा पीठच पुरते शिजलेले नसते आणि त्याचा कच्चट वास त्यांना नको असतो.

लग्नानंतर परगावी गेलेल्या माझ्या लेकीने "आई, पाणी किती घालायचं ते वाटीने सांग, अंदाजाने नको," असा हट्ट धरला, तेव्हापासून मी घरच्या कृती मापासह लिहून ठेवू लागले. सासूबाईंनी मला हे पिठले अंदाजानेच शिकवले होते, पण त्यांच्या शेजारी रोज उभे राहून पाहण्याची सोय मला होती. ती तिला नाही.

सुरुवात पिठापासून केली पाहिजे. हरभऱ्याची डाळ आणून, निवडून, तिला ऊन दाखवून गिरणीतून किंचित जाडसर दळून आणावी, कारण फार बारीक पिठाचे पिठले चिकट होते. गिरणीवाल्याला आपल्या आधी कोणते धान्य दळले हे अवश्य विचारावे आणि डाळीवरच डाळ दळून घ्यावी. दळण थोडेच आणावे, कारण जुने झालेले बेसन कडवट लागते आणि तो कडवटपणा कोणत्याही फोडणीने झाकला जात नाही.

१ वाटी बेसनाला भाकरीबरोबर खायचे असल्यास ३ वाट्या आणि भातावर घ्यायचे असल्यास ४ वाट्या पाणी, हे आमचे माप आहे. लोखंडी कढईत ३ मोठे चमचे तेल चांगले तापवून मोहरी, ती तडतडली की जिरे आणि हिंग, मग ठेचलेल्या ८-१० लसूण पाकळ्या, ४ हिरव्या मिरच्यांचे तुकडे आणि कढीपत्ता घालावा. लसणाच्या कडा तांबूस झाल्या की एक मोठा बारीक चिरलेला कांदा घालून तो मऊ होईपर्यंत परतावा आणि अर्धा चमचा हळद शेवटी घालावी, म्हणजे ती करपत नाही. यात टोमॅटो, धने-जिरे पूड किंवा गरम मसाला मी घालत नाही. पिठल्याची चव खमंग लसूण आणि शिजलेल्या डाळीची असावी, आणि मसाला पडला की नेमकी तीच हरवते.

यापुढे दोन वाटा आहेत. पहिली सोपी आहे: बेसन थोड्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्यात, मग उरलेले पाणी घालून ते सारखे करावे आणि ढवळत ढवळत फोडणीत ओतावे. दुसरी सासूबाईंची, आणि माझ्या मते अधिक चवीची: फोडणीत पाणी आणि मीठ घालून खळखळून उकळी आणावी, डाव्या हाताने पीठ चिमटीचिमटीने पेरावे आणि उजव्या हाताने सतत घोटत राहावे. घाईने मूठभर पीठ पडले तर त्याचा बाहेरचा थर उकळत्या पाण्यात तत्काळ शिजून चिकट होतो, आतले पीठ कोरडेच राहते आणि गुठळी तयार होते. म्हणून हात संथ हवा.

पीठ घट्ट होताच गॅस बंद करणे योग्य नाही. आच मंद करून, झाकण ठेवून ७-८ मिनिटे वाफ येऊ द्यावी आणि मधूनमधून तळापासून हलवावे. कच्चा वास जाऊन खमंग वास येतो, वर तकाकी दिसते आणि कडेने पिठले कढई सोडू लागते, तेव्हा ते झाले असे समजावे. निवताना ते आणखी घट्ट होते, म्हणून हवे त्याहून थोडे सैल असतानाच उतरवून वर कोथिंबीर पेरावी. कढईच्या तळाला धरलेली तांबूस, कुरकुरीत खरवड उलथन्याने काढून ताटात वाढावी; आमच्याकडे तिच्यावरून आजही भावंडांची भांडणे होतात.

ताकातले पिठले करायचे असेल तर १ वाटी बेसनाला २ वाट्या आंबट ताक आणि दीड वाटी पाणी घ्यावे, फोडणीत लसणाऐवजी आले, सुक्या मिरच्या आणि ४-५ मेथीदाणे घालावेत. बेसन ताकात आधीच एकजीव केले तर ताक फाटत नाही. कढीला पीठ लावण्याचे कारणही हेच आहे.

झुणका कोरडा असतो आणि त्यात कांदा सढळ हाताने घालावा लागतो. २-३ मोठे कांदे तेलात परतून त्यावर १ वाटी बेसन कोरडेच पेरावे, ते खमंग परतून पाण्याचे हबके मारावेत आणि झाकून वाफ आणावी. कांद्याच्या पातीचा झुणका तर याहूनही चांगला होतो. १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने एका रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली होती. कष्टकरी माणसाच्या जेवणासाठी राज्याला हाच पदार्थ निवडावासा वाटला, याचा मला आनंद वाटतो.

माझे माहेर रत्नागिरीकडचे असल्यामुळे कुळथाच्या पिठीविषयी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. कुळीथ भाजून, भरडून, टरफले पाखडून दळलेले हे पीठ आधीच भाजलेले असल्यामुळे लवकर शिजते. ३ मोठे चमचे पीठ ३ वाट्या पाण्यात कालवून लसूण, मिरची आणि हिंगाच्या फोडणीत ओतावे, ३-४ आमसुले घालावीत, दोन-तीन चांगल्या उकळ्या आणाव्यात आणि शेवटी मूठभर ओले खोबरे घालावे. ही पिठी पातळच हवी आणि उकड्या तांदळाच्या गरम भातावर ओतूनच खावी. बाहेर पाऊस कोसळत असताना पिठी-भात आणि भाजलेला पापड यांपेक्षा अधिक काही मागावेसे मला कधी वाटले नाही.

बेसनाच्या पिठल्याला मात्र ज्वारीची भाकरीच हवी. सिंहगड चढून गेलेल्या माणसाला तेथील पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही यांची आठवण वेगळी करून द्यावी लागत नाही. ज्वारीचे पीठ जुने होऊन त्याची विरी, म्हणजे पीठ धरून ठेवणारा चिकटपणा, गेली असेल तर भाकरी थापताना चिरते. अशा वेळी पीठ उकळत्या पाण्यात भिजवून, हाताला सोसवेल इतके निवल्यावर चांगले मळावे, म्हणजे भाकरी नीट थापली जाते. सोबत मिरचीचा ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा असावा.

पिठले उरलेच तर सकाळी त्यात मावेल तेवढे ज्वारीचे पीठ, थोडी कणीक, चिरलेला कांदा, तीळ आणि कोथिंबीर घालून गोळा मळावा. मीठ-तिखट पिठल्यात असतेच, म्हणून आधी चव पाहूनच वरून घालावे. ओल्या फडक्यावर थालीपीठ थापून मध्ये भोक पाडावे, त्यात तेल सोडावे आणि झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावे. लोण्याबरोबर ते गरम असतानाच वाढावे.