मधला देव कोणता?

‘सगळे देव शेवटी एकच’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं की त्यावर कुणी अडून बसेल असं वाटत नाही. ग्रीक देवांची आज पूजा करणारे, त्यातही प्लेटोच्या परंपरेला मानणारे, नेमके इथेच अडतात. त्यांचं म्हणणं नीट पाहिलं तर आपल्या देव्हाऱ्यातलं पंचायतनही जरा वेगळं दिसायला लागतं.

ग्रीसमध्ये या लोकांची एक परिषद १९९७ मध्ये स्थापन झाली आणि २०१७ मध्ये तिथल्या सरकारने या धर्माला ‘ज्ञात धर्म’ म्हणून मान्यता दिली. ग्रीसबाहेर बहुतेक जण घरीच पूजा करतात, आणि त्यांना पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुम्ही ग्रीक नाही, मग हे देव तुमचे कसे? रक्ताचा हा हिशेब प्लेटोच्या जुन्या वारसांना लावला तर फारसं कुणी उरत नाही. प्लॉटिनस इजिप्तमधून आलेला, पॉर्फिरी टायरचा, आयांब्लिकस सीरियाचा. प्रोक्लस (४१२–४८५) कॉन्स्टँटिनोपलला जन्मला, आजच्या तुर्कस्तानातल्या लिसियात वाढला आणि अथेन्सच्या पीठाचा प्रमुख झाला. त्याच्या काळात ‘हेलेन’ म्हणजे जुन्या देवांना मानणारा, मग तो कुठलाही असो. प्रोक्लस स्वतः गाझाच्या मार्नास या देवाची आणि इजिप्तमधल्या फिलीच्या आयसिस देवीचीही स्तोत्रं रचायचा. तत्त्वज्ञाने एका गावाचं नव्हे, साऱ्या जगाचं पौरोहित्य करावं असं त्याचं मत होतं.

आता मूळ मुद्दा. प्रोक्लसचा ‘ईशतत्त्वाची मूलसूत्रं’ हा ग्रंथ २११ विधानांचा आहे, भूमितीसारखा एकातून दुसरं सिद्ध करत जाणारा. जे काही आहे ते ‘एक काहीतरी’ असतं, म्हणून एकत्व अस्तित्वाच्याही आधी येतं. पण हे ‘एक’ म्हणजे सगळ्यांच्या वर बसलेली वस्तू नाही. प्लेटोच्या ‘पार्मेनिडीस’ संवादात तर ते ‘आहे’ असंही म्हणता येत नाही आणि ‘एक आहे’ असंही नाही. मग ते भेटतं कुठे? प्रत्येक देवाच्या एकमेवपणात. प्रोक्लस देवांना ‘हेनाड’ म्हणतो. आपण ‘एकक’ म्हणू. अस्तित्व, जीवन, बुद्धी हे सगळं त्या एककांच्या नंतरचं. म्हणून ‘अथेना म्हणजे बुद्धी, ॲफ्रोडायटी म्हणजे प्रेम’ असा तक्ता पाठ करणारा नवखा भक्त गाडी उलटी जुंपतो. गुण देवापासून निघतात, गुणांच्या बेरजेतून देव होत नाही.

प्रोक्लसचं आणखी एक सूत्र: सर्वांत सर्व आहे, पण प्रत्येकात त्याच्या त्याच्या परीने. हे देवांना लावलं की पंचायतनच समोर येतं. विष्णू, शिव, गणपती, सूर्य, देवी हे पाचही तेच, पण मध्ये कोण बसतो त्यावर उरलेल्यांची मांडणी फिरते. एडवर्ड बटलर हे आजचे अभ्यासक याला बहुकेंद्री बहुदेववाद म्हणतात: ज्याची पूजा चालू आहे तो केंद्र, आणि बाकीचे सगळे त्याच्यात. फरक एवढाच की आपल्याकडचा अद्वैती हे पाच शेवटी एका ब्रह्मात विरघळवतो. बटलर यांच्या वाचनातला प्रोक्लस विरघळवत नाही. प्रोक्लसच्या सगळ्याच अभ्यासकांना हे वाचन पटत नाही, पण पूजा करणाऱ्याच्या हाताला तेच उपयोगी पडतं, असं मला वाटतं.

कारण पूजेत घोटाळे याच जागी होतात. क्रम साधारण असा: स्वच्छ पाण्यात पेटती काडी विझवायची, त्या पाण्याने हात धुवायचे, थोडे जव टाकायचे, आधी चुलीची देवी हेस्टियाला अर्पण, मग ज्याची पूजा त्या देवाला, शेवटी पुन्हा हेस्टियाला. प्रार्थनेत आधी नाव आणि उपाधी, मग पूर्वीच्या देण्याघेण्याची आठवण, आणि मगच मागणं. उपाधी गाळली की प्रार्थना बिनपत्त्याची होते. घरातल्या साठ्याचा झ्यूस वेगळा, नगराचा वेगळा. या घरच्या झ्यूससाठी दोन कानांचं झाकणाचं भांडं ठेवतात. कानांना पांढरी लोकर, आत पाणी, ऑलिव्हचं तेल आणि मिश्र फळं-दाणे. ते महिनोन्‌महिने तसंच ठेवलं तर आंबून वास मारतं, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या दिवशी बदलावं. ऑलिम्पियन, म्हणजे वरच्या लोकातल्या, देवांना मद्याची धार थोडी ओतून उरलेलं आपण प्यायचं. पाताळातल्यांना सगळं ओतायचं, मागे काही ठेवायचं नाही.

महिना आपल्यासारखाच अमान्त. शेवटच्या दिवशी तिठ्यावर हेकाटी या तिठ्यांच्या देवीचं जेवण, दुसऱ्या दिवशी नुमेनिया, म्हणजे नव्या महिन्याचा पहिला दिवस. दिवस सूर्यास्ताला बदलतो हे विसरून, किंवा अमावास्या संपल्याचा क्षण ॲपवर पाहून तारीख धरली, की नुमेनिया लवकर पडते. मोजायची ती कोर दिसण्यापासून.

धुपाचं तंत्र आपल्या आज्यांना सांगावं लागणार नाही. झटपट पेटणाऱ्या कोळशाच्या वड्यांमध्ये सोरा असतो. वडी पूर्ण राखाडी होईपर्यंत थांबलं नाही तर डिंकाऐवजी दारूकामाचा वास येतो. खाली वाळूचा थर हवा, आणि डिंकाचा खडा वाटाण्याएवढाच. जास्त टाकला तर करपतो. निखाऱ्यावर राखेची चिमूट पसरली की सावकाश जळतो.

पण देवांना हे सगळं हवंच कशाला? प्लेटोच्या ‘युथिफ्रो’मध्ये सॉक्रेटिस हाच प्रश्न विचारतो: भक्ती म्हणजे देवांशी व्यापार का? आयांब्लिकसचं उत्तर असं की प्रार्थनेने देव खाली वाकत नाहीत, आपण वर ओढले जातो. आणि ओढायला दोर आहेत. प्रत्येक देवाची खूण त्याच्यापासून निघालेल्या मालिकेतून थेट दगड-वनस्पतींपर्यंत उतरते. प्रोक्लस दाखला देतो कमळाचा: सूर्य वर येतो तशा पाकळ्या उघडतात, उतरतो तशा मिटतात, आणि तेच त्याचं स्तोत्र.

हे मानलं तर पदार्थ बदलताना हात जरा थांबतो. अपोलोला वाहायचं लॉरेल भारतात सहज मिळत नाही म्हणून अनेक जण ‘बे लीफ’ असं लिहिलेलं पाकीट आणतात, आणि त्यात बहुतेकदा आपलं तमालपत्र निघतं. ओळखायला सोपं आहे: तमालपत्रावर देठापासून टोकाकडे लांब तीन शिरा जातात; लॉरेलला मधोमध एकच शीर आणि तिला आडव्या बारीक फुटी असतात.