दिवाडीची फेरीबोट

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून नदीकडे उतरणारा रस्ता फेरीबोटीच्या धक्क्यावर संपतो. वास्को द गामाच्या पणतूने पणजोबांच्या स्मरणार्थ ही कमान उभारली, आणि पुढे नवा व्हाइसरॉय नदीमार्गे येऊन याच दारातून शहरात प्रवेश करीत असे. आज त्याच दारातून दिवाडी बेटावरची माणसे पिशव्या, दुचाक्या आणि शाळेची दप्तरे घेऊन ये-जा करतात. बेटावर अजून पूल झालेला नाही, त्यामुळे नोकरी असो, दवाखाना असो की लग्न, नदी ओलांडल्याशिवाय काही घडत नाही.

मागच्या डिसेंबरात मी आईला घेऊन नार्व्याच्या श्री सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला निघालो होतो. डिचोलीच्या बाजूने गाडी थेट देवळापर्यंत जाते, परंतु लहानपणी वडिलांचे बोट धरून पाण्यावरून केलेला प्रवास आईच्या मनात घर करून होता. तिच्या आग्रहाखातर आम्ही दिवाडीवरून, म्हणजे दोन ठिकाणी फेरीबोट घेऊन, जायचे ठरवले. दुपारी गाभारा बंद होण्यापूर्वी पोहोचायला हवे, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता आणि धक्क्यावर गाड्यांची रांग पाहताच तो अधिकच टोचू लागला.

पहिली बोट भरली. पुढचा लोखंडी रॅम्प उचलायला सुरुवात झाली आणि तेवढ्यात डोक्यावर टोपली घेतलेली एक वयस्कर बाई उतारावरून लगबगीने येताना दिसली. खलाशाने वर केबिनकडे पाहून नुसता हात उंचावला, वर आलेला रॅम्प पुन्हा खाली टेकला, बाई आत आली, टोपली उतरवून कठड्याला टेकली आणि बोट निघाली. तिने आभार मानले नाहीत आणि कोणी त्यांची वाटही पाहिली नाही. माझा हात मात्र तोवर हॉर्नपर्यंत पोहोचला होता. पुण्यात सिग्नल हिरवा होताक्षणी मागून हॉर्न वाजतात, आणि त्या वाजवणाऱ्यांत मीही असतो, हे मला त्या क्षणी फार स्पष्टपणे जाणवले.

त्या पाचएक मिनिटांत मी माणसे न्याहाळत राहिलो. दुचाकीवाले हेल्मेट न काढता गाडीवरच बसून होते. दोघे शेजारी काल कापलेल्या भाताबद्दल बोलत होते. एका मुलीने ओळख नसलेल्या बाईचे पोर कडेवर घेतले होते, कारण त्या बाईच्या दोन्ही हातांत सामान होते. रस्त्यावर पुढच्याला मागे टाकता येते, म्हणून तो पुढचा माणूस आपल्याला अडथळा वाटू लागतो. बोटीत सगळेच एका वेळी पैलतीराला लागणार असतात. पायी जाणाऱ्याला येथे भाडेही पडत नाही, त्यामुळे मी पैसे मोजले आहेत, हा ताठाही कोणाला मिरवता येत नाही. माणूस स्वभावानेच उतावीळ असतो, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो, पण ते खरे नसावे.

बेटावर उतरल्यावर दुतर्फा खाजन शेती लागली. ही जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा सखल असते. बांध घालून खारे पाणी बाहेर थोपवायचे आणि बांधातल्या मानशीतून, म्हणजे दारे बसवलेल्या मोरीतून, आतले पाणी ओहोटीला सोडायचे, अशी ही शतकानुशतकांची व्यवस्था आहे. मानशीची दारे ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि भरती येऊ लागली की बाहेरच्या पाण्याने आपोआप मिटतात. खारटपणा सोसणारे कोरगुट भात या जमिनीत पिकते. ज्यांच्या पणज्या-आज्यांनी पाणी उतरण्याची वाट पाहत दिवसाचे काम आखले, त्यांना बोटीसाठी दहा मिनिटे थांबणे म्हणजे वेळ वाया घालवणे वाटत नसेल, तर त्यात नवल नाही. पर्यटकांनी ‘सुशेगाद’, म्हणजे निवांत, या गोव्यातल्या शब्दाचा अर्थ आळस असा करून ठेवला आहे, याचे मला आता मनापासून वाईट वाटते. पहाटे बांधावर उभा राहून पाण्याची पातळी पाहणारा माणूस आळशी कसा असेल?

बेटाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलो तेव्हा नार्व्याची बोट नुकतीच सुटली होती. मी घड्याळ पाहत राहिलो. आई झाडाखालच्या बाकावर, अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, मांडीवर घेऊन बसलेल्या एका बाईंशेजारी जाऊन बसली. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “कुणाकडे आलात?” कुठून आलात, असे त्यांनी विचारले नाही. आई म्हणाली, “देवाकडेच आलोय, सप्तकोटेश्वर आमचं कुलदैवत.” “मग घरचीच की तुम्ही,” असे म्हणत त्यांनी एक वळेसर आईच्या हाती दिला आणि आईने पर्स उघडताच तिचा हात धरून ती मिटायला लावली.

बोट येईपर्यंत त्या दोघींनी देवाची कथा एकमेकींना सांगितली, दोघींना ठाऊक असूनही. हा कदंब राजांचा देव, त्याचे मूळ देऊळ याच बेटावर होते. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे गेला, आणि पुढे शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६६८ मध्ये तेथे नव्या देवळाचे काम सुरू झाले. शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, असे तिथल्या शिलालेखात कोरलेले आहे. हे सारे मी पूर्वी वाचले होते. पण ज्या पाण्यावरून देव नेला गेला, त्याच्या काठावर बोटीची वाट पाहत ते ऐकताना माझे घड्याळाकडे लक्ष राहिले नाही.

दर्शन मिळाले. दीपस्तंभाजवळ आई बराच वेळ उभी होती आणि मी तिला घाई केली नाही.

परतीला जुन्या गोव्याच्या बोटीवर सकाळचाच खलाशी होता. त्याने गाडीच्या काचेजवळ वाकून विचारले, “झालं दर्शन?” आईने पिशवीतून प्रसादाचा नारळ काढला, त्यातला एक तुकडा त्याच्या ओंजळीत ठेवला आणि तो तोंडात टाकून तो रॅम्पकडे गेला.