एओ-७ वर मोड ए मिळवताना : माझा अनुभव

एओ-७ या हौशी रेडिओच्या उपग्रहावरून भारतातून बोलायचं तर मोड एशिवाय इलाज नाही. मोड म्हणजे वर पाठवायच्या आणि खाली ऐकायच्या फ्रिक्वेन्सींची ठरलेली जोडी. मोड बीचा अपलिंक (वर पाठवायची फ्रिक्वेन्सी) ४३२.१२५ ते ४३२.१७५ मेगाहर्ट्झवर आहे आणि आपल्या परवान्यात ४३४ ते ४३८ एवढंच बसतं. मोड ए मात्र चालतो : वर १४५.८५० ते १४५.९५०, खाली २९.४०० ते २९.५००, दोन्हीकडे यूएसबी, म्हणजे अप्पर साइडबँड. अपलिंकमधून ११६.४५० वजा करा, डाउनलिंक (खाली येणारी फ्रिक्वेन्सी) मिळतो.

अँटेना, केबल, ट्रॅकिंग सगळं पटापट जमतं. अडतं ते मोडपाशी, आणि हे अडणं फार चीड आणतं.

१९७० च्या ऑस्ट्रेलिस-ऑस्कर ५ चा २९ मेगाहर्ट्झचा ट्रान्समीटर जमिनीवरून कमांड देऊन चालू-बंद करत. हौशी उपग्रहांत ही सोय पहिल्यांदा त्यातच आली. १९७४ च्या एओ-७ मध्येही कमांड रिसीव्हर आहेत, पण १९८१ मध्ये बॅटऱ्या शॉर्ट होऊन तो गप्प झाला. २००२ मध्ये तो शॉर्ट सुटला, तेव्हापासून स्वारी निव्वळ सौर पॅनेलवर चालते. पृथ्वीच्या सावलीत शिरला की बंद. उन्हात आला की नव्याने सुरू होतो, आणि तेव्हा कोणता मोड मिळेल याचा भरवसा नाही. कक्षा पूर्ण उन्हात असते त्या दिवसांतच आतला २४ तासांचा टायमर पुरा होतो आणि ए-बी आलटून पालटून येतात. म्हणून आधी सावलीचं वेळापत्रक बघा, मग बाकीचं.

पास (उपग्रहाची आपल्या आकाशातली फेरी) सुरू होताच बीकन, म्हणजे त्याचा ओळखीचा संकेत, शोधा. १४५.९७ च्या आसपास मोर्समध्ये 'एचआय' आणि मागोमाग तीन आकडी गट ऐकू आले तर मोड बी आहे. त्या दिवशी प्रसारण करू नका. २९.५०२ वर ऐकू आलं तर मोड ए. मोड बदलल्याची वेळ यूटीसीमध्येच लिहा. साडेपाच तासांच्या फरकाने तारीख चुकते आणि पुढचा अंदाज पार कोलमडतो.

२९.४५ साठी डायपोलचा (दोन हातांच्या तारेच्या अँटेनाचा) प्रत्येक हात २.४२ मीटर ठेवा. एलईडी दिवे आणि इन्व्हर्टरपासून तो लांब बांधा, नाहीतर क्षीण डाउनलिंक आवाजात बुडतो. डॉपलर, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक, अपलिंक-डाउनलिंक मिळून साधारण ३.४ किलोहर्ट्झ येतो. रिसीव्हर स्थिर ठेवून १४५ चा ट्रान्समीटर फिरवा.

पाच घटकांच्या यागी अँटेनाला पाच वॅट पुरतात. आपलाच सूर थरथरताना ऐकू आला तर उपग्रहाचा व्होल्टेज खाली येतोय. लगेच पॉवर कमी करा. ट्रान्सपाँडर (आपला सिग्नल परत खाली पाठवणारं यंत्र) सगळ्यांचा आहे, एकाच्या जोरापायी तो बंद पडला तर त्या पासचे सगळेच मुकतात.