तीन हजार मीटरमधील दोन संथ फेऱ्या

शालेय स्पर्धांमध्ये सतरा वर्षांखालील मुलींसाठी ३००० मीटर ही सर्वांत लांब शर्यत असते. चारशे मीटरच्या धावपट्टीवर तिच्या साडेसात फेऱ्या होतात. त्यामुळे तिची सुरुवात अंतिम रेषेपाशी न होता समोरच्या बाजूला होते आणि पहिले २०० मीटर धावल्यावर सात पूर्ण फेऱ्या उरतात. आमच्याकडची बहुतेक शर्यत याच पहिल्या २०० मीटरमध्ये बिघडते. शिट्टी होताच मुली जणू तेवढेच अंतर धावायचे असल्यासारख्या सुटतात, प्रेक्षक बाकांसमोरून जाताना आरडाओरडा ऐकून आणखी वेग घेतात आणि तिसऱ्या फेरीत त्यांचे पाय जड होतात.

यात मुलींचा हट्ट कमी आणि शरीराची रचना जास्त कारणीभूत असते. स्नायूंमध्ये साठलेली ऊर्जा सुरुवातीची काही सेकंदे भरपूर पुरते, आणि श्वासातून मिळणाऱ्या प्राणवायूचा पुरवठा पूर्ण क्षमतेला पोहोचायला एक ते दोन मिनिटे लागतात. या मधल्या काळात धावणारीला आपण किती खर्च करत आहोत याची जाणीव होत नाही. वेग जास्त असतो आणि तरीही तो हलका वाटतो. म्हणून ‘अंगात दम आहे तोवर पळ’ हा सल्ला लांब पल्ल्याच्या शर्यतीत घातक ठरतो, असे माझे ठाम मत आहे.

मी माण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. येथे सांगते ती शर्यत आमच्या दोन मुलींची, एक दहावीतली आणि एक नववीतली. दहावीतली आदल्या वर्षी तालुका स्पर्धेत धावली होती, तेव्हाच्या नोंदी माझ्या वहीत आहेत. पहिले २०० मीटर ३८ सेकंद, त्यानंतरच्या फेऱ्या ८२, ९०, ९७, १०२, १०६, १०८ आणि १०५ सेकंद, एकूण १२ मिनिटे ८ सेकंद. पहिल्या आणि सहाव्या फेरीत २६ सेकंदांचा फरक होता. तिचे तळवे, फुप्फुसे, जिद्द या कशातही उणे नव्हते, फक्त वेगाचा अंदाज तिला कोणी शिकवला नव्हता. तो शिकवता येतो. लांब उडीत पावलांचे माप जसे सरावाने बसते तसाच वेगही सरावाने पायांत बसतो.

तिची सरावातील प्रगती पाहून आम्ही ११ मिनिटे ३० सेकंदांचे लक्ष्य धरले. म्हणजे फेरीला ९२ सेकंद आणि १०० मीटरला २३. आमच्या मैदानावर फक्कीने आखलेली २०० मीटरची धावपट्टी आहे. तिच्यावर दोन ठिकाणी झेंडे रोवले आणि मी मध्ये उभी राहून दर २३ सेकंदांनी शिट्टी वाजवू लागले. शिट्टी वाजेल त्या क्षणी मुलगी झेंड्यापाशी असली पाहिजे, अलीकडे नको आणि पलीकडेही नको. सुरुवातीला दोघीही दर वेळी झेंडा ओलांडून चार-पाच मीटर पुढे असत. हळूहळू ते जमले, तेव्हा शिट्टी २०० मीटरला एकदा केली, मग ४०० मीटरला एकदा आणि शेवटी बंदच केली. त्यानंतर चारशे मीटर धावून आल्यावर घड्याळ पाहण्याआधी आपली वेळ सांगायची, असा नियम ठेवला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत नववीतलीचा अंदाज सेकंदाच्या आत येऊ लागला. दहावीतली मात्र नेहमी स्वतःला खऱ्यापेक्षा संथ समजत असे.

वेगाचा सराव आठवड्यातून दोनदाच होत असे. एकदा ४०० मीटरच्या सहा ते आठ धावा, मध्ये दीड मिनिटाची विश्रांती, आणि एकदा १००० मीटरच्या तीन धावा, प्रत्येकी ३ मिनिटे ५० सेकंदांत. बाकीचे दिवस पाणंदीने आणि माळावरून संथ धावणे, इतके संथ की दोघींना एकमेकींशी सलग बोलता आले पाहिजे. पालकांना हे पटवणे कठीण गेले. मुलगी गप्पा मारत धावते म्हणजे ती कष्ट करत नाही, असे त्यांना वाटे. वाढत्या वयात रोज जोरात पळवलेल्या मुलींची गुडघेदुखी आणि नडगीदुखी मी पाहिलेली आहे, म्हणून या बाबतीत मी माघार घेतली नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दोघी माझ्यासमोर घेत असत. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घेतली तेव्हा नववीतलीचे हिमोग्लोबिन कमी निघाले होते, आणि रक्तातच प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी असेल तर वेगाचे सगळे गणित कागदावर राहते. तिच्या आईला भेटून जेवणाविषयी सविस्तर बोलले आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचारही झाले.

आमच्या भागात मुलींना धावायला पाठवा, असे सांगताना ललिता बाबर यांचे नाव पुरते. त्या याच तालुक्यातील मोही गावच्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीच्या, प्राथमिक फेरीत त्यांनी ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला आणि दोनच दिवसांनी अंतिम शर्यतीत ९ मिनिटे २२.७४ सेकंद वेळ देत दहावा क्रमांक मिळवला. मी मुलींना या दोन आकड्यांमधील अंतर दाखवत असे. जगातील सर्वोत्तम स्पर्धकांबरोबर, दोन दिवसांच्या अंतराने दोनदा, जवळजवळ त्याच वेळेत धावणे ही स्वतःच्या वेगाची पक्की ओळख असल्याशिवाय होणारी गोष्ट नाही.

दुसरी गोष्ट इंग्लंडची सांगत असे. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर रॉजर बॅनिस्टर यांनी एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पूर्ण केला आणि चार मिनिटांच्या आत मैल धावणारे ते पहिले ठरले. त्या दिवशी वारा इतका होता की ते प्रयत्न पुढे ढकलण्याच्या विचारात होते. पहिल्या फेरीत त्यांच्यासाठी वेग राखत पुढे धावणाऱ्या क्रिस ब्रॅशर यांना बॅनिस्टर ओरडून वेग वाढवायला सांगत होते. ब्रॅशर यांनी तो वाढवला नाही, फेरी ५७.५ सेकंदांत गेली आणि तीच योग्य होती. पुढे क्रिस चॅटअवे यांनी सूत्र हाती घेतले. ही गोष्ट ऐकल्यावर दहावीतली म्हणाली, “मॅडम, आम्ही दोघी पण आळीपाळीने पुढं राहू की.” पुढे जे झाले त्याची सुरुवात तिच्या या वाक्यातून झाली.

कल्पना मला आवडली, कारण जिल्हा स्पर्धेचे मैदान एका बाजूने उघडे आहे आणि तेथे समोरच्या सरळ भागावर वारा तोंडावर येतो. मागे धावणारीला पुढचीचा थोडा आडोसा मिळतो. बाहेरच्या माणसाने स्पर्धकाबरोबर धावून वेग दाखवणे नियमबाह्य आहे, पण एकाच शर्यतीतील दोन स्पर्धकांनी आळीपाळीने पुढे राहण्यात काही गैर नाही. आम्ही त्याचाही सराव केला. पुढे जाण्याची अदलाबदल नेहमी अंतिम रेषेकडच्या सरळ भागावर करायची, वळणावर कधीच नाही, कारण वळणावर बाहेरून धावणारी जास्त अंतर कापते. संपूर्ण फेरी दुसऱ्या पट्ट्यातून धावली तर सुमारे सात मीटर जास्त पडतात. आणि शेवटच्या फेरीची घंटा झाली की करार संपला, मग प्रत्येकीने स्वतःसाठी धावायचे.

स्पर्धेच्या दिवशी सकाळीच वारा सुटलेला होता. शिट्टी झाली आणि सगळ्या मुली अपेक्षेप्रमाणे उधळल्या. पाचजणींचा गट ३९ ते ४१ सेकंदांत अंतिम रेषेवरून गेला, त्यामागून बाकीच्या गेल्या आणि सर्वांत शेवटी आमच्या दोघी आल्या. घड्याळात ४६ सेकंद झाले होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका शाळेच्या शिक्षकांनी काळजीने विचारले, “मुली आजारी आहेत का?” मी काही बोलले नाही, पण तेव्हा ओरडून त्यांना पुढे ढकलण्याचा मोह किती असतो हे कोणत्याही प्रशिक्षकाला विचारावे.

पहिली फेरी दहावीतलीने नेली, ९२. दुसरी नववीतलीने, ९२. १००० मीटरला घड्याळ ३ मिनिटे ५० सेकंद दाखवत होते आणि तरीही त्या सर्वांत पुढच्या मुलीपासून ११ सेकंद मागे होत्या. मात्र त्यांच्या पुढची रांग आता तुटू लागली होती. तिसऱ्या फेरीत त्यांनी एकामागून एक मुली मागे टाकल्या. वेग वाढवावा लागला नाही, पुढच्याच संथ होत होत्या. ती फेरी ९३ सेकंदांत गेली.

चौथ्या फेरीत पुढे राहण्याची पाळी नववीतलीची होती. समोरच्या सरळ भागावर वाऱ्याने तिची मान मागे झुकली, खांदे वर आले, आणि फेरी ९५ सेकंदांत गेली. ३००० मीटरची खरी परीक्षा येथेच असते. सुरुवातीचा उत्साह सरलेला असतो, शेवट अजून दृष्टीच्या टप्प्यात नसतो, आणि नेमके याच वेळी वेग टिकवण्यासाठी पूर्वीपेक्षा जास्त जोर लावावा लागतो. पाचव्या फेरीत दहावीतली पुढे आली. तिच्या पावलांकडे पाहून मला कळत होते की ती ९२ ने सहज धावू शकेल. पण ती दर पन्नास-साठ मीटरवर कान मागे देत होती. मागच्या पावलांचा आवाज दूर गेला की ती वेग किंचित कमी करत होती. ती फेरीही ९५ सेकंदांची झाली.

सहाव्या फेरीच्या सुरुवातीला अदलाबदल व्हायची होती. नववीतली पुढे आली नाही. तिने हात हलवला आणि काहीतरी ओरडली. ती ‘तू जा’ म्हणाली होती, हे मला नंतर कळले. दहावीतलीने ती फेरी एकटीने ९२ सेकंदांत काढली. घंटा झाली तेव्हा १० मिनिटे ५ सेकंद झाले होते आणि पहिल्या क्रमांकावरची मुलगी १० सेकंद पुढे होती. शेवटची फेरी आमच्या मुलीने ८६ सेकंदांत धावली. तिने वाटेत दोघींना मागे टाकून दुसरा क्रमांक मिळवला, वेळ ११ मिनिटे ३१ सेकंद. नववीतली ११ मिनिटे ४२ सेकंदांत चौथी आली. त्याआधी ती बारा मिनिटांच्या आत कधी धावलेली नव्हती.

पहिली आलेली मुलगी दुसऱ्या तालुक्यातील होती आणि तिची वेळ ११ मिनिटे २४ सेकंद होती. आमच्या सहकारी शिक्षकांनी तिच्याही फेऱ्या टिपल्या होत्या. ४१ सेकंदांची सुरुवात, मग ८८, ९०, ९२, ९४, ९५, ९५ आणि शेवटी ८९. तिने वेगात सुरुवात केली, सर्व वारा एकटीने अंगावर घेतला आणि तरीही ती कोसळली नाही. समान वेगाने धावणारीच जिंकते असे मी मुलींना कधी सांगितले नव्हते, आणि त्या दिवशी ते सांगण्याची गरजही नव्हती. ती मुलगी अधिक तयारीची होती. तिची सुरुवात ४४ सेकंदांची असती तर ती आणखी लवकर संपवू शकली असती असे मला वाटते, पण तो तिच्या प्रशिक्षकांचा विषय आहे.

जेवणाच्या सुट्टीत दहावीतली माझी वही घेऊन बसली. तिने ९५ आणि ९५ या दोन आकड्यांखाली पेनाने रेघ ओढली आणि विचारले, “मॅडम, इथं सहा सेकंद गेले. मी पाचव्या फेरीला एकटी गेले असते तर?” नववीतली शेजारीच भाकरी खात होती. तिने मान वर केली नाही.

मी तिला हिशेब मांडून दाखवला. चौथी फेरी तिच्या हातात नव्हती, तिच्या बाजूने फार तर तीन सेकंद होते. पाचवी फेरी ९२ ची धावली असती तर ११ मिनिटे २८ सेकंद झाले असते, पण शेवटची ८६ ची फेरी पायांत शिल्लक राहिली असती याची खात्री कोण देणार? पाचव्या फेरीतील त्या संथपणाचाही शेवटच्या फेरीत थोडा उपयोग झाला असणार. तिला हे अर्धेच पटले. तिचे म्हणणे असे की घंटेच्या वेळी पुढची मुलगी सात सेकंदांवर असती तर तिला पाठलाग करता आला असता. दहा सेकंदांवर ती नुसती पाठ दिसत होती. या म्हणण्यातही तथ्य आहे. शर्यत केवळ घड्याळाशी नसते, समोर दिसणाऱ्या माणसाशीही असते, आणि अंतर एका मर्यादेपलीकडे गेले की मन पाठलाग सोडून देते.

मला मात्र त्या पाचव्या फेरीविषयी आजही अभिमान वाटतो. करार पाळण्यासाठी तिने स्वतःचा वेग अडवून धरला, आणि नववीतलीची ११ मिनिटे ४२ सेकंदांची वेळ त्या फेरीशिवाय झाली नसती. पण शिक्षिका म्हणून माझे काम तिला पुढच्या शर्यतीसाठी तयार करण्याचे होते. म्हणून संध्याकाळी परतताना एसटीतच करार बदलला. आळीपाळी १४०० मीटरपर्यंतच राहील आणि त्यापुढे जिच्यात वेग असेल ती थांबणार नाही. ही सूचना नववीतलीचीच होती. पुढच्या आठवड्यापासून सरावही त्याप्रमाणे बदलला. १२०० मीटर फेरीला ९२ च्या वेगाने, एक मिनिट चालणे, आणि लगेच ८०० मीटर फेरीला ९० च्या वेगाने, म्हणजे नेमक्या चौथ्या आणि पाचव्या फेरीची तयारी. पहिल्याच दिवशी दहावीतलीने ते ८०० मीटर २ मिनिटे ५९ सेकंदांत पूर्ण केले. घड्याळ पाहण्याआधी तिला वेळ विचारली, तेव्हा ती म्हणाली, “तीन मिनिटं तीन.”