पाटीवरचे पेडवे, कार्डावरची सुरमई

कोल्हापूरहून मालवणला जायचं तर आम्ही फोंडा घाटच धरतो. राधानगरी, दाजीपूर, घाट उतरून फोंडा आणि मग कणकवली. कणकवलीत हायवे आता पुलावरून गावाच्या डोक्यावरून जातो, त्यामुळे बाजारातला चहा बुडतो. कसालला उजवीकडे वळलं की कट्टा, चौके, कुंभारमाठ. चौके मागे पडलं की गाडीत कोणी बिस्किटाचा पुडा फोडायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. पोट रिकामं हवं, कारण जेवायला कुठे जायचं ते ठरलेलं असतं.

म्हणजे असायचं. खानावळीचं नाव सांगत नाही. माणसं चांगली आहेत आणि माझी तक्रार चारचौघांत नेण्याएवढी मोठी नाही.

तेव्हा ती घराच्या पडवीत होती. लाकडी बाकं, स्टीलची ताटं, हात धुवायला बाहेर माडाच्या बुंध्याशी पिंप. दाराला खडूने लिहिलेली पाटी. सकाळी खानावळीचे काका बाजारात आणि किनाऱ्यावर जाऊन येत, मिळालं असेल ते पाटीवर चढे. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी दोन्ही टोकांनी ओढायच्या जाळ्याला, पेडवे हे छोटे काटेरी मासे लागले तर पेडवे. कधी मोरी म्हणजे छोटा शार्क, कधी सौंदाळे, कर्ली खाडीतल्या तिसऱ्या म्हणजे शिंपल्या. संपलं की काका ओल्या फडक्याने ती ओळ पुसून टाकत. एकदा आमच्यासमोर मोरी पुसली गेली, तेव्हा माझे वडील दिवसभर गप्प होते.

पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना गेलो, तर काकी कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात आणि भाजलेला सुका बांगडा वाढायच्या. ‘आज ताजं काही नाही’ हे सांगताना त्यांचा चेहरा जराही ओशाळा नसायचा. समुद्रच बंद तर त्या काय करणार?

यंदा डिसेंबरात गेलो तर पडवी गेली होती. काचेचं दार, एसी हॉल, भिंतीवर सिंधुदुर्ग किल्ल्याचा ड्रोनमधून काढलेला मोठा फोटो. काउंटरवर स्कूबा आणि डॉल्फिन सफारीची पत्रकं. बाहेर तासाभराची रांग. 2021 च्या ऑक्टोबरात चिपीला विमानतळ सुरू झाला, तारकर्लीच्या स्कूबाचं नाव तर आधीपासूनच होतं. शनिवार-रविवारी मालवणात गाडी लावायला जागा मिळत नाही. त्या गर्दीला पडवी पुरली नसती हे कबूल. स्वच्छतागृह चकचकीत आहे आणि गुडघेदुखीवाल्या आमच्या मातोश्रींना खुर्ची मिळाली. बाकावर मांडी घालून जेवण्यातच खरी मजा, असं म्हणणाऱ्यांचे गुडघे अजून शाबूत असावेत.

पाटीच्या जागी लॅमिनेट केलेलं कार्ड आलं. सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी, चिकन थाळी, आणि मागच्या पानावर पनीर. बाराही महिने तेच. ‘आज काय आलंय?’ असं विचारलं तर वाढणारा मुलगा गोंधळला. म्हणाला, ‘सगळं आहे सर.’

माझं बिनसलं ते या ‘सगळं आहे’पाशी. मालवणी स्वयंपाकात माशागणिक आमटी वेगळी. बांगडा, पेडवे, तारली असल्या तेलकट माशांना तिरफळ हे मसाल्याचं सुकं फळ हवं. त्यातलं काळं बी काढून टाकायचं, टरफलं जरा ठेचून आमटीत सोडायची. खायची नाहीत, ताटाच्या कडेला सारायची. कोळंबीत तिरफळाचं काम नाही, तिला मोसमात कैरी किंवा मग शेवग्याची शेंग. तिसऱ्या खोबऱ्यात सुक्या. मोरीला मटणासारखा गरम मसाला. आता चारही थाळ्यांच्या वाट्यांत एकच लालभडक रस्सा होता. मी बायकोची वाटी चाखली, मुलीची चाखली, शेवटी मातोश्रींचीही. शेजारच्या टेबलावरचे लोक माझ्याकडे बघायला लागले तेव्हा थांबलो.

तुकडीवर रव्याचं एवढं जाड कवच होतं की सुरमई आत शोधावी लागली. सोलकढी गुलाबी, अगदी बारशाच्या फुग्यासारखी. पूर्वी आमसुलं भिजत घालून कोळायचे. रंग फिका यायचा, तळाशी नारळाच्या रसाचा साका बसायचा आणि लसणीचा ठसका घशापर्यंत जायचा. इथे ठसका नव्हता, साखर होती. वडे मात्र जसेच्या तसे. धणे-मेथीचा वास तोच, टम्म फुगलेले. मी चार खाल्ले आणि आणखी दोन मागवले.

बिल देताना काकींची चौकशी केली. आता खानावळ बघणारा त्यांचा मुलगा म्हणाला, मागे आहेत, जावा की. मागच्या स्वयंपाकघरात काकी पाटावर बसून जेवत होत्या. आम्हाला ओळखलं. ‘कदी इलास? गे बाय, चेडू केदा झाला ता!’ वगैरे झालं. माझं लक्ष त्यांच्या ताटाकडे. पेडव्यांचं तिखलं, म्हणजे घट्ट तिखट कालवण होतं आणि कडेला तिरफळांची टरफलं काढून ठेवलेली.

‘काकी, हे बाहेर का नाही?’

‘कोण मागतलो पेडवे? काटे काढूक येळ कोणाक आसा? सगळ्यांका बोटीर जावचा आसता.’

‘आणि तिरफळं?’

‘चावतत आणि बोंब मारतत. एका बाईन तर आमटीत किडो पडलो म्हणान ताट परत धाडल्यान.’

मग सुरमई रोज असते ती तुम्ही खाता का, असं विचारलं. काकी हसल्या. ‘ती गिऱ्हाइकांची. आमका खय परवडता?’

मुलाची बाजूही ऐकण्यासारखी. रापणीत काय आणि किती येईल याचा भरवसा पूर्वीही नव्हता, आता तर मुळीच नाही. माशांचा थवाच वेढून घेणारी मोठी पर्ससीन जाळी आणि रात्री एलईडी दिव्यांवर होणारी मासेमारी यांच्याविरुद्ध इथल्या पारंपरिक मच्छीमारांचा झगडा जुना आहे. शासनाने 2016 साली पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी भांडण मिटलेलं नाही. ‘रापणीवर पाटी लिहायची तर अर्धे दिवस कोरी राहील,’ मुलगा म्हणाला. बर्फातली सुरमई फोनवर मागवता येते आणि कामगारांचे पगार महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरीसुद्धा आमटीच्या चार वाट्या चार चवींच्या करायला रापण कशाला लागते, हे काही त्याला समजावता आलं नाही. रांग दारापर्यंत आली होती.

दुसऱ्या दिवशी मालवणच्या बाजारातून बांगडे घेतले आणि देवबागला जिथे उतरलो होतो तिथल्या वहिनींना दिले. जेवण करून द्यायचे पैसे त्या वेगळे घेतात, आधी विचारून घ्या. बांगडे उत्तम झाले. वडे मात्र काकींकडचेच सरस, त्यामुळे परतताना पुन्हा त्या काचेच्या दारातून आत गेलो, रांगेत उभा राहिलो आणि फक्त वडे-चिकन मागवलं.