खूण पाहायला खुर्चीवरून उतरणारा पंच

९ जून २०२४ रोजी पॅरिसच्या फिलिप शात्रिए कोर्टवर फ्रेंच ओपनच्या पुरुष एकेरीचा अंतिम सामना पाचव्या सेटमध्ये पोहोचला होता. कार्लोस अल्काराझ २-१ असा पुढे असला, तरी स्वतःच्याच सर्व्हिसवर १५-४० असा अडचणीत आला होता. त्याची दुसरी सर्व्हिस बाहेर पडल्याचे रेषापंचांनी पुकारले, म्हणजे प्रतिस्पर्धी अलेक्झांडर झ्वेरेव्हला ब्रेक (समोरच्याच्या सर्व्हिसवर जिंकलेला गेम) मिळाला आणि सेट बरोबरीत आला, असे क्षणभर वाटले. तेवढ्यात मुख्य पंच खुर्चीवरून खाली उतरले, त्यांनी मातीवर उमटलेली खूण न्याहाळली आणि चेंडू आत असल्याचा निर्णय दिला. गुण पुन्हा खेळवला गेला, अल्काराझने तो गेम वाचवला आणि पुढे सामनाही ६-३, २-६, ५-७, ६-१, ६-२ असा जिंकला. टीव्हीवर दाखवलेल्या संगणकीय चित्रात मात्र तो चेंडू जेमतेम दोन मिलिमीटर बाहेर होता. झ्वेरेव्हने नंतर पत्रकारांपुढे त्या गुणाचा उल्लेख केला, पण फारशी आदळआपट केली नाही.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये माद्रिदच्या स्पर्धेत याच झ्वेरेव्हवर नेमका उलटा प्रसंग आला. पुरुषांच्या एटीपी मालिकेत २०२५पासून मातीच्या कोर्टांवरही रेषेचे निर्णय यंत्राकडे गेले होते. यंत्राने प्रतिस्पर्ध्याचा एक चेंडू आत ठरवला, झ्वेरेव्हला मातीवरची खूण रेषेपासून स्पष्ट दूर दिसत होती, आणि यंत्राचा निर्णय फिरवण्याची मुभा नव्या नियमानुसार पंचांना नव्हती. त्याने बाकाजवळ जाऊन स्वतःचा मोबाइल आणला, खुणेचा फोटो काढला आणि खेळाडूला न शोभणाऱ्या वर्तनाबद्दल ताकीद पदरात पाडून घेतली. त्याच महिन्यात श्टुटगार्टला अरिना सबालेंकानेही एका खुणेचा असाच फोटो काढला होता. एकदा माणसाच्या डोळ्यामुळे आणि एकदा यंत्रामुळे आपले नुकसान झाले, असे एकाच खेळाडूला वर्षभराच्या आत वाटावे, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. चारही ग्रँडस्लॅम स्पर्धांपैकी माणसांच्या डोळ्यांवर विसंबणारी स्पर्धा आता फ्रेंच ओपन एवढीच उरली आहे. तिने तसेच विसंबून राहावे असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण भावनिक नसून त्या मातीतच आहे.

तिला आपण सवयीने लाल माती म्हणतो, पण वर दिसते ती भाजलेल्या विटांची बारीक भुकटी असते आणि तिचा थर मिलिमीटर-दोन मिलिमीटरांपेक्षा जाड नसतो. कुस्तीच्या हौदासारखी खोलवर मऊ जमीन तिथे नाही. भुकटीखाली पांढऱ्या चुनखडीचा काही सेंटिमीटर जाडीचा घट्ट दाबलेला थर असतो, त्याखाली जळालेल्या कोळशाची भरड, त्याखाली खडी आणि सर्वांत तळाशी मोठे दगड, असा सुमारे ८० सेंटिमीटर खोलीचा हा सगळा बांधीव प्रकार आहे. खेळाडूचा पाय आणि चेंडू खरे तर चुनखडीवर पडतो. विटांची भुकटी रंग देते आणि पाय घसरवत थांबण्याची सोय करते. चुनखडी कोरडी पडली की तिला भेगा जाऊ लागतात, म्हणून पाणी मारणे हे तिथल्या कर्मचाऱ्यांचे सर्वांत जिकिरीचे काम असते. दोन सेटच्या मध्ये चार-पाच जण येऊन कोर्टवर जाळ्या ओढतात आणि रेषा झाडून घेतात, तेव्हा आधीच्या सेटच्या सगळ्या खुणा पुसल्या जातात. मैदानाची निगा राखण्याचे हे काम प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर आणि सामना चालू असताना होते, हे मला या स्पर्धेचे विशेष आकर्षण वाटते.

या भुकटीचे दोन परिणाम आहेत आणि दोन्ही एकाच कारणातून निघतात. चेंडू टप्पा घेताना भुकटीवर घासतो, त्याचा पुढे जाण्याचा वेग कमी होतो आणि तो गवतावरच्यापेक्षा बराच उंच उसळतो. हा पहिला परिणाम. त्या घासण्याची खूण मागे राहते, हा दुसरा. पहिल्याबद्दल आजवर भरपूर लिहिले गेले आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. तडाखेबंद सर्व्हिस आणि नेटवरची व्हॉली यांच्या बळावर इतरत्र राज्य करणाऱ्यांना इथे हात चोळत परतावे लागले. विम्बल्डन सात वेळा जिंकणारा पीट सॅम्प्रस इथे एकदाच, १९९६ मध्ये, उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. बोरिस बेकरला मातीवरचे एकेरीचे एकही विजेतेपद कारकिर्दीत मिळाले नाही. जॉन मॅकेन्रो १९८४ च्या अंतिम सामन्यात दोन सेटची आघाडी घेऊनही इव्हान लेंडलकडून हरला, आणि स्टीफन एडबर्ग १९८९ च्या अंतिम सामन्यात सतरा वर्षांच्या मायकेल चँगकडून. उलट राफेल नदालने २००५ ते २०२२ या काळात इथे चौदा विजेतेपदे मिळवली, आणि संपूर्ण कारकिर्दीत इथल्या ११६ सामन्यांत केवळ चार पराभव पत्करले. त्याच्या डावखुऱ्या फोरहँडची फिरकी या कोर्टवर उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॅकहँडला थेट खांद्यापर्यंत उसळी घेत असे. एका हाताने बॅकहँड मारणारा रॉजर फेडरर त्याच्याशी इथे सहा वेळा भिडला आणि सहाही वेळा हरला. त्यातला २००८ चा अंतिम सामना ६-१, ६-३, ६-० असा संपला होता.

हवामानाने ही माती बदलते, असेही म्हणतात आणि ते खरेच आहे. थंडी आणि ओल असली की चेंडू जड होतो, उसळी घटते. २०२० मध्ये महामारीमुळे स्पर्धा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेली, चेंडूही नव्या कंपनीचे आले, तेव्हा नदालची धार बोथट होईल असा अनेकांचा होरा होता. त्याने एकही सेट न गमावता स्पर्धा जिंकली आणि अंतिम सामन्यात नोव्हाक जोकोविचचा ६-०, ६-२, ७-५ असा फडशा पाडला. तज्ज्ञांचे आडाखे ऐकताना मला हा निकाल नेहमी आठवतो.

दुसऱ्या परिणामाकडे, म्हणजे खुणेकडे, मात्र हवे तितके लक्ष जात नाही. त्या खुणेभोवती रीतिनियमांची एक स्वतंत्र व्यवस्था उभी आहे. निर्णय पटला नाही तर खेळाडूने तिथल्या तिथे खेळ थांबवून हरकत घ्यावी लागते. रॅली पुढे खेळून, गुण गमावल्यावर मागची खूण दाखवता येत नाही. मग पंच खाली उतरतात. कोणती खूण नेमकी कोणत्या फटक्याची, हे आधी ठरवावे लागते, कारण रेषेजवळ जुन्या खुणांची गर्दी असते. चेंडू कोणत्या दिशेने आला आणि खुणेचा आकार कुठल्या बाजूला लांबट आहे, यावरून ती ओळखतात. खूण आणि रेषा यांच्यामध्ये लाल भुकटी दिसली तर चेंडू बाहेर, एरवी आत. खूण सापडलीच नाही, तर मूळ निर्णय कायम राहतो. पंचांचा अंतिम निर्णय होण्याआधी एखाद्या खेळाडूने आपल्या बाजूची खूण पायाने पुसली, तर त्याने प्रतिस्पर्ध्याचा चेंडू आत असल्याचे मान्य केले असा अर्थ होतो. अनेक खेळाडू पंच उतरायच्या आधीच बुटाने खूण पुसून मोकळे होतात, आणि मला विचाराल तर टेनिसमधल्या सभ्यपणाचा हा सर्वांत साधा प्रकार आहे. त्यासाठी ना टाळ्यांची गरज पडते, ना हस्तांदोलनाची.

या व्यवस्थेतला सर्वांत कडक नियम असा की, नेट ओलांडून प्रतिस्पर्ध्याच्या बाजूची खूण पाहायला जायचे नाही. त्याची किंमत किती मोठी असू शकते, हे १९९९ च्या महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात दिसले. अठरा वर्षांची मार्टिना हिंगिस स्टेफी ग्राफविरुद्ध ६-४, २-० अशी पुढे होती. तिचा एक फटका बाहेर दिला गेला, तिला तो आत वाटला, आणि ती सरळ नेटला वळसा घालून ग्राफच्या बाजूला गेली व बोटाने खूण दाखवू लागली. तिला एका गुणाचा दंड झाला. त्याहून मोठा दंड प्रेक्षकांनी दिला. आधीच ग्राफच्या बाजूने असलेले स्टेडियम त्यानंतर हिंगिसच्या प्रत्येक हालचालीची हुर्यो उडवू लागले. तरीही दुसऱ्या सेटमध्ये ती ५-४ वर सामन्यासाठी सर्व्हिस करत होती, विजयापासून तीन गुण दूर होती. तो सेट ग्राफने ७-५ असा खेचला आणि तिसरा ६-२ असा जिंकून बाविसावे, म्हणजे आपले अखेरचे ग्रँडस्लॅम विजेतेपद मिळवले. शेवटी शेवटी हिंगिसने हात खाली ठेवून सर्व्हिस केली, सामना संपताच ती रडत कोर्टबाहेर गेली आणि आईने तिला बक्षीस समारंभासाठी परत आणले. फ्रेंच ओपनचे एकेरीचे विजेतेपद तिला कधीच मिळाले नाही. योगायोग असा की सतरा वर्षांनी, २०१६ मध्ये, तिने याच मातीवर मिश्र दुहेरी जिंकली ती आपल्या लिअँडर पेसच्या जोडीने, आणि अंतिम सामन्यात नेटच्या पलीकडे इव्हान डोडिगसह सानिया मिर्झा होती. भारतीयांचे या मातीशी नाते दुहेरीतूनच जुळले आहे : महेश भूपतीने १९९७ मध्ये जपानच्या रिका हिराकीसह इथेच भारताला पहिले ग्रँडस्लॅम विजेतेपद मिळवून दिले, आणि पेस-भूपती जोडीने १९९९ व २००१ मध्ये पुरुष दुहेरी जिंकली.

हिंगिसचा तो चेंडू आत होता की बाहेर, यावर आजही वाद घालणारे भेटतात. मी त्यात पडत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, वाद घालायला समोर काहीतरी होते. हार्ड कोर्टवर चेंडू डोळ्यांदेखत वाचता येईल अशी खूण ठेवत नाही, म्हणून तिथे यंत्राचे चित्र हाच एकमेव पुरावा ठरतो आणि तो मान्य करण्यात कोणाला अडचण नसते. मातीवर दोन पुरावे तयार होतात. यंत्र अनेक कॅमेऱ्यांवरून चेंडूचा मार्ग मोजते आणि तो कुठे टेकला असेल याचे गणित मांडते. त्यात काही मिलिमीटरांची चूक संभवते. खूणही शंभर टक्के प्रामाणिक नसते. भुकटी जिथे जाड पडली असेल तिथे ती मोठी दिसते, वाऱ्याने उडून गेली असेल तिथे लहान, आणि टप्प्याच्या अगदी पहिल्या स्पर्शाला भुकटी हलतेच असेही नाही. थोडक्यात, दोन-तीन मिलिमीटरांच्या फरकात दोघांपैकी कोणावरही छातीठोक विश्वास ठेवता येत नाही, आणि झ्वेरेव्हचा पॅरिसमधला प्रसंग नेमका याच पट्ट्यात मोडतो.

मग माणसाला का ठेवायचे? अचूकतेसाठी ठेवा, असे मी म्हणणार नाही. सरासरी काढली तर यंत्र माणसापेक्षा कमी चुकते, हे उघड आहे. पण यंत्र चुकते किंवा बंद पडते, तेव्हा काय होते, तेही पाहायला हवे. विम्बल्डनने २०२५ मध्ये रेषापंचांना पूर्ण रजा दिली आणि त्याच वर्षी सेंटर कोर्टवर अनास्तासिया पाव्ल्युचेन्कोव्हा आणि सोने कार्टल यांच्या सामन्यात कोर्टच्या एका भागातली यंत्रणा चुकून बंद राहिली. कार्टलचा चेंडू ढळढळीत बाहेर पडला, यंत्राने आवाज दिला नाही, आणि पंचांनी गुण पुन्हा खेळवला. पाव्ल्युचेन्कोव्हाने तो गेम गमावला, सामना जिंकला, पण तिचा संताप रास्त होता, कारण समोर बसलेल्या माणसाला चेंडू बाहेर दिसत असेल तर त्याला तसे म्हणता आले पाहिजे. पॅरिसमध्ये ते म्हणता येते. तिथे निर्णय देणारा माणूस खुणेपर्यंत चालत येतो, वाकतो, बोट दाखवतो, आणि ज्याच्या विरुद्ध निर्णय जातो त्याला निदान तो कशाच्या आधारावर दिला, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. न पटण्याचा हक्क त्याच्याकडे उरतो. फोटो काढायची वेळ त्याच्यावर येत नाही.

फ्रेंच टेनिस महासंघाने रेषापंचांची बाजू लावून धरली आहे, त्यामागे फ्रेंच पंचांची परंपरा जपण्याचा अभिमानही असणार, आणि त्याला माझी हरकत नाही. १९२८ मध्ये डेव्हिस चषकाच्या लढतीसाठी बांधलेल्या आणि भूमध्य समुद्र पहिल्यांदा विमानाने न थांबता ओलांडणाऱ्या वैमानिकाचे नाव दिलेल्या या रोलाँ गॅरोस स्टेडियमला स्वतःच्या रीतींचा अभिमान असावा, हे समजण्यासारखे आहे. माझी हरकत एका वेगळ्याच गोष्टीला आहे. आजच्या व्यवस्थेत यंत्राचे चित्र कोर्टवरच्या पंचांना पाहता येत नाही, पण टीव्हीसमोर बसलेल्या आम्हा सर्वांना ते काही सेकंदांत दाखवले जाते. म्हणजे निर्णय एका पुराव्यावर द्यायचा आणि जगाने त्याची परीक्षा मात्र दुसऱ्या पुराव्यावर घ्यायची, अशी ही तऱ्हा आहे. २०२४ च्या त्या पंचांनी नियमाप्रमाणे जे करायचे तेच केले, आणि रात्रीपर्यंत जगभरचे प्रेक्षक त्यांना दोन मिलिमीटरांचा हिशेब विचारत होते. खूणच अंतिम मानायची असेल, तर सामना चालू असताना ते चित्र प्रक्षेपणातून काढून टाकावे आणि त्याऐवजी पंच वाकून पाहतात ती खूणच कॅमेऱ्याने जवळून दाखवावी. ते जमत नसेल, तर पंचांच्या खुर्चीवरही एक पडदा बसवावा.